मातीची प्रतबंदी पुन्हा व्हावी
महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांस खुले पत्र

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई, यांस,



शेतीचे गाऱ्हाणे कृषिमंत्र्यांच्या दारी न्यावे, पाण्याचे जलसंपदामंत्र्यांच्या, आणि आपल्याकडे यावे ते केवळ मोजणी, फेरफार आणि भाऊबंदकीची भांडणे घेऊन, असा या राज्याचा रिवाज असताना, पुरंदर तालुक्याच्या कोरड्या अंगाला दोन एकर आणि वर काही गुंठे एवढ्या वडिलोपार्जित जमिनीवर संसार मांडू पाहणाऱ्या एका कुटुंबाने मातीविषयीचे हे पत्र आपल्या नावे का लिहावे, असा प्रश्न आपल्या कार्यालयातील मंडळींस पडेल. त्याचे उत्तर असे की कृषिखाते पिकाचा हिशेब ठेवते आणि जमिनीचे दप्तर आपल्या ताब्यात आहे. आणि जी गोष्ट दप्तरात नाही ती जगातच नाही असे समजून कारभार हाकण्याची वहिवाट ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे माती सुधारली की खंगली याची नोंद कोणत्याही गावनमुन्यात नसणे ही किरकोळ उणीव म्हणता येत नाही.

ही उणीव नेहमीचीच होती असेही नाही. पेशवाई बुडाल्यावर या भागाचा सारा ठरविण्याचे काम कंपनी सरकारने प्रथम प्रिंगल नावाच्या साहेबाकडे दिले. त्याने प्रत्येक शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा कागदोपत्री हिशेब मांडला. तो हिशेब वस्तुस्थितीला सोडून गेला, सारा डोईजड झाला आणि इंदापूर तालुक्यात कुणबी जमिनी टाकून परागंदा होऊ लागले. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी त्याच इंदापुरात नव्याने पाहणी आरंभिली, आणि उत्पन्नाच्या अंदाजाचा नाद सोडून जमीनच खणून पाहिली. मातीचा रंग आणि पोत, खाली मुरूम वा खडक किती हातांवर लागतो, चुनखडीचे खडे किती, वाळू किती, उतार कसा, पाणी साचते काय, या गोष्टी शेताशेतांत पाहून जमिनीला आणेवार प्रत दिली जाई. पावणेदोन हात खोलीच्या निर्दोष काळ्या जमिनीस सोळा आणे, आणि तेथून खोली उणावेल व दोष वाढतील तसे आणे उतरत जात. या प्रतबंदीवर बसविलेला सारा तीस वर्षे कायम राहील अशी हमी होती. खातेदाराने पदरमोड करून जमिनीत जी सुधारणा केली असेल तिच्यावर फेरआकारणीच्या वेळी वाढीव सारा बसू नये, हेही तत्त्व पुढे त्या पद्धतीत मान्य झाले होते. परकी सरकारचा हेतू वसुलीचा होता, यात शंका नाही. परंतु वसुलीसाठी का होईना, सरकारचा माणूस एकदा आमच्या शेतात उतरला होता आणि त्याने माती हातात घेऊन पाहिली होती.

आमच्या जमिनीलाही तेव्हा अशी प्रत लागली होती. जुन्या कागदांत तिला जी प्रत मिळाली होती ती आजच्या मातीला लागू पडणार नाही, कारण वरच्या अंगाची माती पाऊसकाळात ओढ्याने खाली गेली आणि नांगराच्या फाळाला आता मुरूम लागतो. मुलाने आणि सूनबाईंनी पुण्यातली चाकरी निम्म्यावर आणून येथे राहण्याचे ठरविले तेव्हा हितचिंतकांनी अंजिराची बाग लावण्याचा सल्ला दिला. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, भाव बरा येतो, आणि सीताफळाला तर हा तालुका माहेरच. सल्ला वाईट नव्हता. परंतु सूनबाईंचे म्हणणे असे पडले की आधी पाणी अडवावे, मग वैरण उभी करावी, मग झाडे लावावीत आणि खाण्याचे पीक त्यांच्या आधाराने घ्यावे. हा क्रम उलटा केला की टँकर आणि खताची गोणी दारात आलीच म्हणून समजा. म्हणून उताराला आडवे समतल बांध आणि चर निघाले, बांधांवर गिरिपुष्प, शेवगा आणि हादगा लागला, खरिपाच्या बाजरीत मटकी आणि हुलगा मिसळला, पट्ट्यापट्ट्यांनी तूर आली, घरालगत भाजीपाला आणि कोंबड्या, आणि गोठ्यात एक गाय. गावातले जाणते हे पाहून म्हणाले की यात नवे ते काय, आमचे आजे असेच करीत. ते खरेच आहे.

शहरी वाचकांना अशा शेतीचे जे चित्र दाखविले जाते त्यात कुटुंब स्वावलंबी झालेले असते. या थापेवर कोणी विश्वास ठेवू नये. मीठ, कापडचोपड, औषधपाणी, पोरांची फी आणि विजेचे बिल यांना रोख पैसाच लागतो, आणि तो दोन एकर मुरमाड जमिनीतून पहिली काही वर्षे निघत नाही. निघते ती बहुतेक वर्षाची भाजी, काही महिन्यांची डाळ, दूध, आणि बाजरी पावसाच्या मर्जीप्रमाणे. आठवड्याच्या शेवटी येऊन हिरवळीवर खुर्च्या टाकून बसणाऱ्यांच्या फार्महाऊसांविषयी मी येथे लिहीत नाही. त्यांची चिंता वाहण्यास दलाल समर्थ आहेत.

पहिली वर्षे एवढी कठीण का जातात, हे आपल्यासमोर थोडे विस्ताराने मांडणे प्राप्त आहे, कारण माझी विनंती तेथूनच निघते. एका एकरातील वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. मृदा आरोग्य पत्रिकेच्या कोष्टकाप्रमाणे सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असला तर जमीन दरिद्री, ०.७५ च्या वर असला तर संपन्न. समजा, ०.४ वर असलेली जमीन ०.६ वर न्यावयाची आहे. म्हणजे एकरी १,८०० किलो कर्ब मातीत कायमचा मुरला पाहिजे. पालापाचोळा कुजताना त्यातल्या कर्बाचा बहुतेक भाग वायुरूपाने निघून जातो आणि दहांतले एकदोन भागच मातीत टिकतात, हे ध्यानी घेतले तर एकरी २० ते ४० टन सुका पाला लागतो. आणि पावसावरची जमीन वर्षाकाठी मोठ्या मुश्किलीने दोनतीन टन देते. शिवाय चिपाडे आणि धसकटे मातीत गाडली की त्यांना कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र आधी आपल्यासाठी ओढून घेतात, आणि पीक पिवळे पडते. शेजारी बांधावर उभे राहून हसतो. मुळांचा कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा अधिक टिकतो, म्हणून पीक उपटण्याऐवजी कापावे आणि मुळे जागीच राहू द्यावीत, हे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताच्या गादीवाफ्यांवर दाखवून दिले आहे. त्यांची सगुणा पद्धत तणनाशकाचा आधार घेते म्हणून सोवळे सेंद्रियवाले तिला नाक मुरडतात. परंतु नांगर न घालता वर्षानुवर्षे भात पिकवून दाखविणाऱ्याकडून जे शिकण्यासारखे आहे ते शिकावे, असे माझे मत आहे.

जीवामृताविषयीही दोन शब्द लिहितो, कारण सरकारी शिबिरांतून हल्ली त्याचाच घोष फार. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाचदहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, ही पद्मश्री सुभाष पाळेकरांची एकरी मात्रा. तिच्यातल्या नत्राचा हिशेब कोणीही पाटीवर मांडून पाहावा. तो पाव किलोच्या आसपास भरतो. बाजरीचे चांगले पीक जमिनीतून नत्र उचलते ते कित्येक किलोंनी. म्हणजे जीवामृत हे विरजण झाले. विरजण कितीही उत्तम असले तरी दुधाचे पातेलेच रिकामे असेल तर दही कशाचे लागावे? एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, या पाळेकरांच्या दाव्याला मी या हिशेबामुळे मान डोलवू शकत नाही, जरी रासायनिक खताच्या उधारीतून हजारो शेतकऱ्यांना बाहेर पडण्याचे धैर्य त्यांनी दिले याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आणि पातेले भरावयाचे तरी कशाने? सगळे पीकशेष शेतातच राखा, असा उपदेश करणाऱ्यांनी दावणीची गाय पाहिलेली नसते. कडबा तिचा, तुरीचे भुसकट तिचे, मटकीचा पाला तिचा. आमच्या लहानपणी डोक्याच्या वर जाणारी मालदांडी ज्वारी होती, धान्याइतकाच कडब्याचा भाव पाहिला जाई; १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले आणि पुढच्या काळात ठेंगण्या ज्वारीने कणगी भरली, पण गोठ्याची आणि मातीची दोघांचीही वैरण घटविली. तेव्हा कुटुंबाच्या छोट्या शेतीत खरा तंटा गाय आणि गांडूळ यांच्यात असतो, आणि तो मिटविण्यासाठी जमिनीचा काही हिस्सा केवळ पाला आणि वैरण यांसाठी राखावा लागतो. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर आला की आडवा करणे, बांधावरचे गिरिपुष्प वर्षातून दोनदा छाटून वाफ्यांत पसरणे, ओढ्याकाठचा तुकडा गवताला सोडणे. यातून बाजारात नेण्यासारखे काहीच निघत नाही.

आता दप्तराकडे येतो. गावनमुना बाराचे रकाने ज्याने आखले तो माणूस शहाणा होता. मिश्र पिकाखालील क्षेत्र आणि त्यातली घटक पिके यांना त्याने स्वतंत्र जागा दिली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि खातेदाराने स्वतःच मोबाईलवर पिकाचे चित्र काढून नोंद करावी असे ठरले, हेही चांगलेच झाले. परंतु आमच्या तागाची नोंद करून उपयोग काय? तो विकला जाणार नाही, त्याला विमा नाही, आणि अतिवृष्टीत वाहून गेला तर नुकसानभरपाईसाठी पंचनामा करण्यास कोणी येणार नाही. मातीच्या पोटासाठी राखलेला तुकडा दप्तराच्या दृष्टीने पड. ओढ्याकाठचा खडकाळ भाग तर पिढ्यांपूर्वीच पोटखराब वर्ग ‘अ’ म्हणून लिहिला गेला आहे. तेथे करंज, बोर आणि हिवर माजले आहेत. परवा सूनबाईंनी त्या करंजाखालचे एक ढेकूळ आणि समोरच्या नांगरटीचे एक ढेकूळ अशी दोन ढेकळे पाण्याच्या दोन पेल्यांत सोडली. नांगरटीचे ढेकूळ बोलता बोलता विरघळले आणि तळाशी गाळ होऊन बसले. करंजाखालचे तसेच्या तसे राहिले, पाणी नितळ, आणि ढेकळाच्या छिद्रांतून हवेचे बारीक बुडबुडे वर येत होते. वळवाच्या पहिल्या सरीत कोणत्या मातीचे काय होणार, ते त्या पेल्यांत स्पष्ट दिसत होते. दप्तरातली सर्वांत निकृष्ट जमीन ही आमच्या शेतातली सर्वांत सकस माती आहे, आणि ‘इतर हक्क’ या सदरात सोसायटीचा बोजा अक्षरशः रातोरात चढतो, पण या मातीची कमाई चढविण्यास जागा नाही.

हा विचार कोणी विलायतेहून आणलेला आहे असे समजू नये. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, सरकारने आपल्या लष्करातले आणि पोलिसातले शिपाई कामाला लावून ताली आणि बंधारे घालून द्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आणि त्याबरोबर वाहून जाणारा सकस अंश शेतांत मुरेल, अशी सूचना केली होती. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी रीत जगाला दिली ती होळकरांच्या इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात, तेथल्या शेतकऱ्यांचे पाहून पाहून सिद्ध केली, आणि आजही ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. कोकणातले आणि गोमंतकातले कुळागर म्हणजे तर माड, पोफळी, मिरवेल, जायफळ आणि केळी यांची एकाखाली एक रचलेली, घराला बिलगलेली शेतीच. मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ने १९८२ पासून वांसद्याच्या आदिवासी कुटुंबांबरोबर एकेक एकराच्या वाड्या उभ्या केल्या आणि तो प्रयोग पुढे जव्हारच्या डोंगरापर्यंत पोचला. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाण सांभाळल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आणि कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक, ‘प्रयोग परिवार’ उभारणारे. सूर्यप्रकाश, पाने आणि पाणी यांचा चोख हिशेब ठेवला तर एका कुटुंबाच्या पोषणाला दहा गुंठे पुरतात, असे त्यांनी मांडले. योगायोग पाहा, २०२३ साली तुकडेबंदीच्या कायद्याखाली आपल्याच खात्याने बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरविले तेही दहा गुंठेच; मात्र ते खरेदीखताची नोंदणी कोठे अडवावी यासाठी.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, कूळकायदा १९४८ चा. तुकडे थांबावेत आणि जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी हा दोन्हींचा हेतू उदात्त होता. परंतु १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर असलेले महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले आणि खात्यांची संख्या अर्ध्या कोटीवरून दीड कोटीच्या पुढे गेली. जमीन लांबीरुंदीने आता वाढणार नाही. ती वाढली तर खोलीनेच वाढेल.

म्हणून माझी विनंती एकच आहे: महाराष्ट्रातील मातीची प्रतबंदी पुन्हा व्हावी, आणि या खेपेस ती सारा घेण्यासाठी न होता खातेदाराने जमिनीत काय घातले हे लिहून ठेवण्यासाठी व्हावी. आरंभी सर्वांची नको. दोन हेक्टरांच्या आत जमीन असलेले, त्या जमिनीवर राहणारे जे कुटुंब स्वतःहून अर्ज करील त्याच्या शेतातील मातीची खोली, उतार, सेंद्रिय कर्ब आणि पाण्यात ढेकूळ टिकण्याची क्षमता तपासून त्याची नोंद सात-बाराच्या शेऱ्यात घ्यावी, आणि तीन वर्षांनी, सहा वर्षांनी, पुन्हा त्याच जागी खणून पाहावे. सेंद्रिय कर्ब हा २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांपैकी एक आहेच. ती पत्रिका मात्र कपाटात पडते, कारण तिच्यावर कोणाचा हक्क वा अनुदान अवलंबून नसते.

अनुदानाची तजवीजही नवी नको. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के असे मिळते, आणि पुढचे हप्ते मिळण्यासाठी दुसऱ्या वर्षी ८० व तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. आंब्याच्या रोपासाठी तीन वर्षे थांबण्याचे जे शहाणपण सरकारला सुचले ते मातीसाठी सुचण्यास हरकत कसली? इंग्रजानेही १८८३ च्या कायद्याने विहिरीला आणि बांधाला तगाई दिली होती. सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीच्या आजच्या योजना, २०१५ ची परंपरागत कृषी विकास योजना असो की २०२४ साली मंजूर झालेले राष्ट्रीय अभियान, गट आणि समूह यांच्याच हिशेबाने आखलेल्या आहेत. ज्या गावात असे कुटुंब एकच आहे, त्याने गट कोणाचा करावा?

आक्षेप मला ठाऊक आहेत. तलाठ्यांवर, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्यावर, आधीच कामाचा डोंगर आहे. मातीचा नमुना शेजारच्या सकस जमिनीतून आणता येतो. आणि एकदा प्रत वाढली की कोणी हुशार अधिकारी त्यावर कर बसविण्याची टिप्पणी लिहील. पहिल्यावर उत्तर असे की नमुना घेण्याचे काम तालुक्यातल्या कृषी महाविद्यालयांच्या आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांस, प्रवासखर्च देऊन, सोपविता येईल. दुसऱ्यावर असे की ठिकाण मोबाईलवर अक्षांश-रेखांशासह टिपता येते. ई-पीक पाहणीत ते चाललेच आहे. लबाडी तरीही होईल. ती विहिरींत झाली, शेततळ्यांत झाली, म्हणून विहिरी आणि शेततळी बंद झाली नाहीत. तिसऱ्या भयावर मात्र कायद्यातच बंदोबस्त हवा: पदरमोडीच्या सुधारणेवर सारा नाही, हे जुने तत्त्व जमीन महसूल संहितेच्या १९६६ च्या मजकुरात या नोंदीपुरते स्पष्ट शब्दांत घालावे, म्हणजे खातेदार निर्धास्तपणे अर्ज करील.

अर्जावर पतीबरोबर पत्नीचेही नाव आणि सही असावी, एवढी एक अट मी माझ्याकडून जोडतो. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीने घरच्या लक्ष्मीचे नाव सात-बारावर चढविण्याची वाट दाखविली, तरी अजून पुष्कळ उताऱ्यांवर ते नाही. आणि अशा शेतीत कोंबड्या, बियाणे, वाफे आणि गोठा यांचा भार कोणाच्या अंगावर असतो हे सांगण्यास समितीची आवश्यकता नाही.

मातीचा नमुना रब्बीचे पीक निघाल्यानंतर आणि पहिल्या पावसापूर्वी घ्यावा लागतो, म्हणजे आमच्याकडे मार्च ते मे. निदान इंदापूर आणि पुरंदर या दोन तालुक्यांपुरता हुकूम फेब्रुवारीअखेर निघाला, तरच येत्या हंगामात काम सुरू होऊ शकेल. एप्रिलमध्ये निघालेला हुकूम तालुक्याच्या कचेरीत पोचेपर्यंत मृग लागलेला असेल आणि वर्ष फुकट जाईल. तेव्हा फाईल आजच मागवावी, ही विनंती.



आपला,
पुरंदर तालुक्यातील एक खातेदार